कुठलाही कोर्स न करता नुसता समुद्र आणि जहाजं रंगवून कोणी नाव कमावलंय का?

कमावलंय की! इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा आल्फ्रेड वॉलिस. फक्त नाव झालं, पैसा नाही, हे आधीच सांगतो.

जन्म १८५५ चा. तरुणपणी शिडाच्या जहाजावर थेट कॅनडाकडच्या न्यूफाउंडलंड बेटापर्यंत जाऊन आलेला माणूस, नंतर सेंट आइव्हज गावात दुकान टाकलं, जुनी शिडं, दोर, लोखंड असलं भंगार घ्यायचं आणि विकायचं. विशीत लग्न केलं ते वीसेक वर्षांनी मोठ्या बाईशी. ती १९२२ मध्ये गेली, घर खायला उठलं, आणि सत्तरीच्या आसपास म्हातारा चित्रं काढायला लागला. का, तर सोबत म्हणून, असं तोच सांगायचा.

कॅनव्हास वगैरे भानगड नाही. वाण्याच्या दुकानातून आलेले पुठ्ठे, वाकडातिकडा तुकडा मिळाला तर चित्रही तसंच वाकडं, आणि रंग होड्यांना फासायचा तोच. मोजकेच रंग, हिरवट, काळा, राखाडी, पांढरा, बाकी पुठ्ठ्याचा तपकिरी तसाच ठेवायचा आणि तो चक्क वाळू नाहीतर गढूळ पाणी वाटतो.

लोक म्हणतात लहान मुलासारखं काढलंय. मला नाही पटत. बंदर वरून दिसतं आणि त्यातली होडी बाजूने, घराएवढा मासा, हे सगळं खरंय, पण जे महत्त्वाचं ते मोठं असा त्याचा सरळ हिशोब होता, आणि लाटेत जहाज कसं कलतं हे त्याला कोणी शिकवायची गरजच नव्हती, पोट त्याच्यावरच भरलेलं!

१९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन चित्रकार त्याच्या दारावरून जाताना थबकले, आत भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रं. याला म्हणे 'शोध लावला'. अहो, तो तिथेच राहत होता! मग लंडनच्या टेट गॅलरीत नोकरीला असलेला जिम ईड पोस्टाने चित्रं मागवायचा, साठ-साठचं पार्सल, भाव साइजप्रमाणे एक ते तीन शिलिंग. शेवटी १९४२ मध्ये म्हातारा मॅड्रनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्यात वारला.

ईडकडची चित्रं आता केंब्रिजच्या केटल्स यार्ड या कलादालनात आहेत. नेटवर बघणार असाल तर कडा कापून चौकोनी केलेले फोटो नको, अख्खा पुठ्ठा दिसतो तेच बघा.