ब्रेक पाइप पहिल्यांदाच बदलतोयस? मग एवढं सांभाळ

आपल्या गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस स्टीलचा पाइप गंजवतातच, त्यामुळे तू हे शिकतोयस याचा आनंद आहे. तांबं-निकेलचा पाइप घे, तो गंजत नाही आणि हाताला मऊ असतो. साधा तांब्याचा नको.

गळतीचं मूळ बहुतेकदा कापण्यात असतं. हॅकसॉ नको, पाइप कटरने हळूहळू फिरवत काटकोनात काप. मग आतली-बाहेरची धार काढ आणि बोट फिरवून बघ. बारीकशी कूस राहिली तरी फ्लेअरला, म्हणजे जोडासाठी फुलवलेल्या पाइपाच्या टोकाला, चीर जाते. कीस पाइपात राहू देऊ नकोस.

फ्लेअरआधी नट पाइपात घातलास ना? हे सगळेच एकदा तरी विसरतात. जुना पाइप समोर ठेवून फ्लेअर डबल (कड आत दुमडून दुहेरी केलेली) आहे की बबल (बुडबुड्यासारखा गोल फुगवटा) ते ओळख. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि सिंगल (न दुमडलेला, एकेरी) फ्लेअर ब्रेकला कधीच नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर पाच-सहा करून बघ. वाकडा आला तर काप, वाचवत बसू नकोस.

नट आधी बोटांनीच तीन-चार आटे फिरव, मग फ्लेअर नट पाना (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) लाव. टेफ्लॉन टेप अजिबात नको, सील फ्लेअरच करतो. गळलं म्हणून जोर लावून आवळू नकोस, खोलून फ्लेअर बघ.

ब्रेक ऑइलमधली हवा काढून झाली की जोड कोरडे पुस, कुणाला तरी पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरायला सांग आणि प्रत्येक जोडाला टिश्यू लाव. ओला झाला तर गाडी हलवायची नाही. पहिल्या वेळी जाणत्या मेकॅनिकला दाखवूनच रस्त्यावर काढ.