इंजिनच्या सिलिंडरमधील वायूचे आकारमान दहापट घटले, तर दाबही दहापटच का वाढत नाही?

दहापट वाढ बॉइलच्या नियमानुसार (दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर) होते, पण तो नियम तापमान स्थिर असतानाच लागू पडतो आणि चालत्या इंजिनात ते स्थिर राहत नाही. मिनिटाला ३००० फेरे होत असताना पिस्टन तळापासून वरच्या टोकापर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात पोहोचतो. एवढ्या अल्प वेळात दाबल्या जाणाऱ्या वायूची उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून फारशी बाहेर पडू शकत नाही, म्हणून वायू तापतो आणि त्याचा दाब आणखी वाढतो. सायकलमध्ये भराभर हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, तोच हा प्रकार.

अशा वेळी दाब आणि आकारमानाचा १.४ वा घात यांचा गुणाकार स्थिर राहतो. त्यामुळे १० : १ संपीडन गुणोत्तर (दाबण्यापूर्वीचे आणि दाबल्यानंतरचे आकारमान यांचे प्रमाण) असल्यास दाब सुमारे २५ पट होतो आणि ३०० केल्व्हिन तापमानाची हवा साधारण ७५० केल्व्हिनपर्यंत तापते. अर्थात २५ पटीचा हा आकडा आदर्श हवेचा आहे. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ, पिस्टनच्या रिंगांमधून होणारी गळती आणि उशिरा मिटणारा इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) यांमुळे तो बराच खाली येतो. गॅरेजमधील कॉम्प्रेशन गेज तर आणखी कमी दाब दाखवतो, कारण तेव्हा इंजिन केवळ स्टार्टरवर, संथपणे फिरत असते.

डिझेल इंजिनात हेच गुणोत्तर १६ ते १८ च्या आसपास ठेवतात, म्हणून तिथे हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते आणि स्पार्क प्लग लागतच नाही.