लशीसाठी आरडी मोडावी का?

संगमनेरजवळच्या एका ताईंनी विचारलंय: आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत. गेल्या वर्षी तिघींना दगडी (कासदाह, म्हणजे कासेची सूज) झाली, एकीचं सड कायमचं गेलं. डॉक्टर कासदाहाची लस सुचवतात. डोस ४०० रुपयांचा, गाईला तीन डोस, म्हणजे आठ गाईंचे ९,६००. त्यासाठी पोस्टातली साडेतीन वर्षं भरत आलेली आरडी (दरमहा भरायची ठेव) मोडावी का?

ताई, आरडी मोडू नका. पाच वर्षं पुरी होण्याआधी बंद केलीत तर पोस्ट फक्त बचत खात्याचं व्याज देतं. अगदीच नड आली तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत तिच्यावर कर्ज मिळतं, पण इथे तेही लागणार नाही. ही लस आठही गाईंना एकदम टोचायची नसतेच. पहिला डोस गाय व्यायला ४५ दिवस असताना, दुसरा १० दिवस असताना, तिसरा व्याल्यावर ५२ दिवसांनी. तुमच्या गाई मागेपुढे वितात, म्हणजे खर्चही आपोआप वर्षभर पांगतो. दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून ४०० रुपये बाजूला निघतील.

लस परवडते का, ते तुमच्याच आकड्यांवरून पाहू. १६ लिटरची गाय, आठवडाभराचं दूध ओतून दिलं, भाव ३४ रुपये: ३,८०८. औषधपाणी ३,०००. तिघींचे मिळून वीस हजारांवर. पण खरा घाव सड गेलेल्या गाईचा आहे. रोज तीन लिटर कमी, २०० दिवसांत २०,४००! लशीने दगडी पूर्ण थांबत नाही, जोर कमी होतो. तरी असा एक घाव टळला तर वर्षाची लस दोनदा फिटते.

मात्र ही लस ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरिअस या जंतूंवरची आहे. तुमच्या गोठ्यात त्रास स्ट्रेप्टोकोकसचा असेल तर पैसे पाण्यात जातील. म्हणून यापुढे कोणाची कास सुजली की औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना तपासायला पाठवा. सरकारी मोफत लसीकरणात लाळ्या-खुरकूत आहे, ही नाही. ही लस फुकट मिळेल म्हणून वाट पाहू नका.

धार काढल्यावर सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवणं आणि लगेच वैरण टाकून गाय अर्धा तास उभी ठेवणं, हे मात्र आजच सुरू करा. सडाचं तोंड मिटायच्या आत ती शेणात बसली तर लस दिलेली गायही आजारी पडते. गाय आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबबद्दल डॉक्टरांना विचारा. नमुन्याचा अहवाल आला की सर्वांत आधी विणारी गाय कोणती, ते कळवा. पहिले ४०० रुपये तिच्यासाठी काढू.