युद्धं थांबत नसतील, तर सगळ्या देशांचे प्रतिनिधी एकत्र बसवणाऱ्या संस्थांचा उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की संयुक्त राष्ट्रं आणि तिच्या भोवतीच्या आंतरसरकारी संस्थांत देशोदेशीचे प्रतिनिधी बसतात, ठराव करतात, आणि तरीही युद्धं चालूच राहतात. मग सामान्य माणसाला त्यांचा काय फायदा? आणि लहान देशांचं प्रतिनिधित्व नावापुरतंच असतं का?

मी रायगडच्या किनाऱ्यावर एका मच्छीमार सोसायटीचं काम बघतो. राजकारणाचा अभ्यासक नाही. पण या प्रश्नाचं एक उत्तर आम्ही दरवर्षी मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष बघतो, म्हणून लिहितोय.

आधी युद्धाबद्दल. ते थांबवण्याचं काम सुरक्षा परिषदेकडे आहे. तिथे 15 सदस्य, त्यातल्या 5 जणांना नकाराधिकार, म्हणजे एकट्यानं ठराव अडवण्याचा हक्क. या पाचांपैकी एकाचे हितसंबंध गुंतले की परिषद अडते, आणि ही खोट जन्मापासूनची आहे. तुमचा राग रास्त आहे. मात्र त्या एका दालनावरून बाकीच्या सगळ्या संस्थांना मोजलं की फार मोठं काम नजरेआड होतं. परदेशात टाकलेलं पत्र पोचतं ते 1874 साली बर्नमध्ये झालेल्या टपाल करारामुळे, आणि भारत त्यात 1876 पासून आहे. हे कुणाला आठवतही नाही, कारण ते चालू आहे.

मला नीट माहीत असलेलं उदाहरण हवामानाचं आहे, त्यामुळे तेच सविस्तर सांगतो.

नोव्हेंबर 1970 मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं. किमान 3 लाख माणसं गेली. जगाच्या नोंदीतलं ते सर्वांत जीवघेणं चक्रीवादळ. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं जागतिक हवामान संघटनेला, म्हणजे डब्ल्यूएमओला, चक्रीवादळांची हानी कमी करण्यासाठी देशांना एकत्र आणायला सांगितलं. आमसभेत नकाराधिकार नाही, एका देशाला एक मत. त्यातून 1972 साली डब्ल्यूएमओ आणि आशिया-प्रशांतसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक आयोग यांनी मिळून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यासाठी चक्रीवादळ पॅनेल उभं केलं. 1971 चं युद्ध नुकतंच झालेलं होतं. पाकिस्ताननं बांगलादेशाला देश म्हणून मान्यतासुद्धा 1974 मध्ये दिली. अशा वातावरणात भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश एका पॅनेलचे सदस्य झाले. मला तरी ही लहान गोष्ट वाटत नाही.

आज त्या पॅनेलमध्ये 13 देश आहेत: बांगलादेश, भारत, इराण, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, कतार, सौदी अरेबिया, श्रीलंका, थायलंड, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन. या यादीतल्या किती जोड्यांचं एकमेकांशी पटत नाही ते तुम्हीच मोजा. तरी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दिल्लीतल्या हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्रातून या सगळ्यांना पत्रकं जातात. ते काम डब्ल्यूएमओनं भारताकडे सोपवलेलं आहे. 2019 नंतर भारत-पाकिस्तानचा व्यापार थांबला, दोन्हीकडचे उच्चायुक्त परतले. पण जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छ आणि सिंधच्या दिशेनं निघालं तेव्हा वाऱ्याचा वेग, वादळाची जागा, पुढचा मार्ग हे सगळं ठरलेल्या वेळी सीमेपलीकडे जात होतं. दोन्ही बाजूंनी मिळून दीड लाखाहून जास्त लोक आधीच सुरक्षित ठिकाणी हलवले गेले. 15 जूनला ते कच्छमधल्या जखाऊजवळ किनाऱ्यावर आलं.

वादळांची नावं हेच पॅनेल ठरवतं. 2004 पासून ही पद्धत आहे. तेव्हा 8 देशांनी मिळून 64 नावं दिली होती. ती यादी 2020 मध्ये अम्फानवर संपली आणि नवीन यादीत 13 देशांची प्रत्येकी 13, म्हणजे 169 नावं आली. नवीन यादीतलं पहिलंच वादळ 3 जून 2020 रोजी आमच्या डोक्यावर आलं. निसर्ग. नाव बांगलादेशानं दिलेलं. मुरुड, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, अजून काही जणांचं उत्पन्न पहिल्यासारखं झालेलं नाही. पण माणसं वाचली. मृतांचा आकडा हाताच्या बोटांवर राहिला, कारण दोन दिवस आधीपासून वादळ कुठे लागणार हे बऱ्यापैकी माहीत होतं आणि कच्च्या घरांतली माणसं शाळांमध्ये नेलेली होती. हंगाम संपत आलेला असल्यानं होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, हे आमचं नशीब.

नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात ते नशीब नव्हतं. ऐन हंगाम, होड्या खोल समुद्रात. बंदरावर धोक्याचा बावटा लागला तरी ज्या होडीवर वायरलेस नाही तिला तो दिसणार कसा? रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कित्येक घरं त्या दिवसानंतर सावरली नाहीत. त्यामुळे मी या यंत्रणेचं कौतुक डोळे झाकून करत नाही. दिल्लीपर्यंत आलेली माहिती शेवटच्या नाखव्याच्या कानापर्यंत नेणं हे कुठल्याही जागतिक संस्थेचं काम नाही, ते आपलं आहे.

याचं सर्वांत भयंकर उदाहरण म्यानमारचं. 2008 च्या मे महिन्यात नर्गिस इरावतीच्या खोऱ्यात घुसलं. भारताच्या हवामान खात्यानं 48 तास आधी वादळ कुठे लागेल आणि किती जोराचं असेल ते म्यानमारला कळवलेलं होतं. पॅनेलनं आपलं काम केलं. तिथल्या लष्करी सरकारनं लोकांना वेळेत हलवलं नाही आणि नंतर परदेशी मदतही अडवून धरली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे 1 लाख 38 हजार. आंतरसरकारी संस्थेत सरकारं बसतात, लोक बसत नाहीत. सरकारला लोकांची पर्वा नसेल तर त्या खुर्चीचा लोकांना उपयोग शून्य. तुमच्या प्रश्नातला प्रतिनिधित्वाचा मुद्दा मला इथे सर्वांत जास्त बोचतो.

लहान देशांचं ऐकलं जातं का? याचं उत्तर मोठ्या ठरावांपेक्षा बारीक गोष्टींत मिळतं. 2013 मध्ये एका वादळाला यादीनुसार महासेन हे नाव आलं. ते श्रीलंकेनंच सुचवलेलं होतं, पण तिथल्या लोकांनी हरकत घेतली: आमच्या इतिहासातल्या एका चांगल्या राजाचं नाव विनाशाला का? नाव बदलून विआरू केलं गेलं. आता नाव द्यायचे नियमच तसे आहेत, राजकारणी, धर्म, संस्कृती यांच्याशी जोडलेलं नाव चालत नाही आणि कुणाच्या भावना दुखावतील असंही नाही. मालदीवची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराइतकी, पण यादीत त्यांची नावं भारताइतकीच, 13.

"हवामानावर भांडण्यासारखं आहेच काय, म्हणून जमतं," असं कुणी म्हणेल. तसं नाही. हवामानाची माहिती म्हणजे पैसा आहे आणि युद्धात शस्त्रही आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरात, 1963 साली, डब्ल्यूएमओनं जागतिक हवामान निरीक्षणाची योजना मंजूर केली आणि तिची मुख्य केंद्रं ठरली वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेले दोन देश एकमेकांना रोजच्या वाऱ्या-पावसाचे आकडे देत राहिले. पुढे 1990 च्या दशकात वेगळंच भांडण पेटलं. युरोपातल्या काही हवामान सेवांना आकडे विकायचे होते, अमेरिकेचं म्हणणं ते मोफत असावेत. डब्ल्यूएमओच्या 1995 च्या परिषदेत, बऱ्याच ओढाताणीनंतर, मूलभूत निरीक्षणं सर्वांना मोफत आणि विनाअट, आणि त्यापलीकडच्या माहितीला अटी लावता येतील, असा तोडगा निघाला. 2021 मध्ये ते धोरण आणखी व्यापक केलं. हा तोडगा निघाला नसता तर गरीब देशांना स्वतःवर येणाऱ्या वादळाची माहिती विकत घ्यावी लागली असती.

हे सगळं चालतं कशावर? फुग्यांवर. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी मुंबईत, पणजीत, मस्कतमध्ये, जगभरात शेकडो ठिकाणी एकाच सुमारास फुगे आकाशात जातात आणि तापमान, आर्द्रता, वारा कळवतात. कुठल्याही एका देशाला सक्तीनं हे करायला लावता येत नाही. प्रत्येक जण करतो कारण इतरांचे आकडे त्याला हवे असतात. डब्ल्यूएमओचा वर्षाचा नियमित खर्च 7 कोटी स्विस फ्रँकच्या आसपास, 193 सदस्यांनी मिळून उचललेला. एका लढाऊ विमानाच्या किमतीत सगळ्या पृथ्वीची हवा मोजण्याची सोय जोडून ठेवणं मला तरी महाग वाटत नाही.

सप्टेंबर 2021 आठवतोय? पाकिस्ताननं नाव दिलेलं गुलाब 26 तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर लागलं. कमजोर होत पश्चिमेकडे सरकलं आणि मराठवाड्यावर असा काही पाऊस पाडला की लातूर-उस्मानाबादकडे मांजरा काठाबाहेर गेली, हातातोंडाशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तिथून ते अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा जोर धरला आणि कतारनं दिलेल्या शाहीन या नावानं 3 ऑक्टोबरला ओमानला जाऊन धडकलं. बंगालच्या उपसागरात सुरू झालेल्या गोष्टीचा शेवट मस्कतच्या उत्तरेला झाला. यातल्या कुठल्याही एका देशानं एकट्यानं ते वादळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं असतं का?

जिथे ही साखळी तुटते तिथे आपलंच नुकसान होतं. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्येचे वारे सोमालियाच्या किनाऱ्याला लगटून, वेग घेऊन अरबी समुद्रावर येतात. सोमालियात 1991 पासून यादवी माजली आणि तिथली हवामान यंत्रणा कोलमडली. येमेनमध्येही अनेक वर्षं युद्ध. उपग्रह बरंच भरून काढतात, पण जमिनीवरून सोडलेल्या फुग्याची जागा पूर्ण घेत नाहीत. म्हणून गरीब आणि युद्धग्रस्त देशांची निरीक्षण केंद्रं उभी करायला संयुक्त राष्ट्रांनी निधी काढला, तेव्हा तो मला दानधर्म वाटला नाही. भारतानं त्यात पुढे व्हावं असं मला मनापासून वाटतं. मान्सून आपला आहे.

तुम्ही कोकणात, गोव्यात किंवा आखातात राहत असाल तर एक करा. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या प्रादेशिक केंद्राचं रोजचं पत्रक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. टीव्हीवरच्या आरडाओरड्यापेक्षा ते बरं. आमच्या सोसायटीत ते छापून फळ्यावर लावतो, आणि खलाशी आता बावट्याच्या आधी ते बघून डिझेल भरायचं की नाही ठरवतात.