छापण्याआधी पानं कुणी पाहायची?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात मी तीन वर्षं काढली, त्यातलं शेवटचं संपादक म्हणून. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : आमच्या पाक्षिकात वसतिगृहातल्या पाणीटंचाईची बातमी आली आणि आठवड्याभरात विद्यार्थी कल्याण विभागातून निरोप आला : ‘यापुढे प्रत्येक अंकाची पानं छपाईला जाण्याआधी आम्हाला दाखवायची.’ छपाईचं बिल विद्यापीठच भरतं. नाही म्हटलं तर अंक बंद पडेल. हो म्हटलं तर अंक काढायचा कशाला? – संपादक, तृतीय वर्ष

उत्तर : आधी एक सांगा, हा निरोप लेखी आहे का? तोंडी असेल तर आजच एक साधं पत्र लिहा : ‘अमुक तारखेला अशी सूचना मिळाली, ती कोणत्या नियमाखाली आहे ते कळवावं.’ तोंडी हुकूम द्यायला फार सोपे असतात. तोच हुकूम सहीनिशी द्यायची वेळ आली की पुष्कळदा त्याची धार उतरते. मी हे एकदा नाही, तीन-चारदा पाहिलं आहे.

मग मनाशी पक्कं करा की सल्ला आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या जाणत्या प्राध्यापकांनी पानं वाचून ‘हा आकडा पुन्हा तपासा’ असं म्हणणं हा सल्ला. तो घ्यावा, आनंदानं घ्यावा. पण ‘ही बातमी जाणार नाही’ असं म्हणण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे तो तुमचा खरा संपादक, मग अंकात संपादक म्हणून नाव कुणाचंही असो.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ट्रॉय स्टेट कॉलेजमध्ये १९६७ साली घडलेली गोष्ट मी प्रत्येक नव्या संपादकाला सांगते. तिथे नियम असा होता की कॉलेजच्या वृत्तपत्रानं राज्यपालांवर किंवा विधिमंडळावर टीका करायची नाही. स्तुती मात्र चालत होती. गॅरी डिकी हा विद्यार्थी संपादक होता. त्यानं एका विद्यापीठाच्या अध्यक्षांची बाजू घेणारा अग्रलेख लिहिला. सल्लागारांनी तो अडवला आणि त्या जागी छापायला दुसरा मजकूर दिला : नॉर्थ कॅरोलायनातल्या श्वानपालनाविषयी! डिकीनं तो छापला नाही. अग्रलेखाचा मथळा तसाच ठेवला, खालची जागा कोरी सोडली आणि तिच्यावर तिरकं एकच शब्द टाकला : ‘सेन्सॉर्ड’. कॉलेजनं त्याला वर्षभरासाठी काढून टाकलं. तो संघराज्याच्या न्यायालयात गेला आणि न्यायालयानं त्याला परत घ्यायला लावलं. त्या कोऱ्या जागेनं जे सांगितलं ते अख्ख्या अग्रलेखाला सांगता आलं नसतं.

पण कायदा सगळीकडे इतका पाठीशी उभा राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्याच देशात १९८३ साली हेझलवूडच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी शालेय वृत्तपत्रातली दोन पानं काढून टाकली. विद्यार्थिनींचं गर्भारपण आणि आईवडिलांचे घटस्फोट या विषयांवरचे लेख त्यांत होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. विद्यापीठांना हाच निकष लावायचा की नाही, हा प्रश्न न्यायालयानं तेव्हा उघडाच ठेवला. म्हणून तुमच्या देशाचा कायदा आणि तुमच्या विद्यापीठाची नियमावली, दोन्ही वाचल्याशिवाय भांडायला जाऊ नका.

सगळ्याच्या मुळाशी पैसा आहे, आणि ते तुम्हीच लिहिलं आहे. बर्कलीच्या ‘डेली कॅलिफोर्नियन’मधल्या एका अग्रलेखावरून विद्यापीठानं तीन ज्येष्ठ संपादकांना काढलं, आणि १९७१ मध्ये ते वृत्तपत्र विद्यापीठापासून वेगळं झालं. ‘स्टॅनफर्ड डेली’ १९७३ मध्ये वेगळं झालं. त्याचं फळ पन्नास वर्षांनी दिसलं. २०२२ च्या नोव्हेंबरात थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं स्टॅनफर्डच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांवर प्रश्न उभे करणारी बातमी तिथे दिली. विद्यापीठानं चौकशी नेमली. अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण निबंधांत गंभीर दोष निघाले आणि ते वेळीच दुरुस्त झाले नव्हते. जुलै २०२३ मध्ये अध्यक्षांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. आता कल्पना करा, ती पानं आधी अध्यक्षांच्या कार्यालयात दाखवायची असती तर?

तुम्ही उद्या वेगळे होऊ शकणार नाही, ते मला कळतं. जाहिराती मिळवायला आणि माजी विद्यार्थ्यांचं विश्वस्त मंडळ उभं करायला काही वर्षं जातात. तोवर एवढं मागा : रक्कम दर अंकाला मंजूर न होता वर्षाची एकदम मंजूर व्हावी, संपादक वृत्तपत्रात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी निवडावा, आणि मजकुरासाठी संपादकाला काढता येणार नाही हे लिहून मिळावं. ही मागणी भांडणाच्या आठवड्यात करू नका. अंदाजपत्रक बसण्याआधी, वातावरण शांत असताना करा.

आणि ती पाण्याची बातमी पुन्हा वाचा. वसतिगृह अधीक्षकांचं म्हणणं तिच्यात आहे का? नसेल तर पुढच्या अंकात ते घ्या. तुमची बाजू त्यानं भक्कमच होईल.

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या चौकशीत माझं नाव आमच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात छापलं गेलं. चौकशीत मी निर्दोष ठरलो, पण ती बातमी कधीच आली नाही. आता जुने अंक इंटरनेटवर टाकले आहेत आणि माझं नाव शोधलं की पहिली तीच बातमी येते. हल्लीचे संपादक म्हणतात, ‘जुन्या अंकाला आम्ही हात लावत नाही.’ – एक माजी विद्यार्थी

उत्तर : त्यांचं निम्मं बरोबर आहे. छापून झालेल्या पानावर खाडाखोड करू नये. उद्या कुणी इतिहास शोधत आलं तर त्याला तेव्हा छापलेलं पानच मिळायला हवं. पण बातमीचा दुसरा भाग देणं हे त्या वृत्तपत्राचं देणं आहे, आणि नऊ वर्षांनी ते देणं फिटत नाही. वाढतं.

त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा. मूळ बातमीच्या डोक्यावर, पहिल्या ओळीच्याही वर, तारखेसह टीप : ‘या चौकशीत संबंधित विद्यार्थी निर्दोष ठरला.’ चालू अंकात तेवढ्याच ठळकपणे खुलासा. आणि नावानं शोधल्यावर ते पान वर येऊ नये अशी तांत्रिक सोय. ती करता येते, पान न पुसताही. चौकशीच्या निकालाची प्रत जोडा. शक्यतो स्वतः जाऊन भेटा. आजच्या संपादकांना तुम्ही माहीत नाही. तेव्हा ते शाळेत होते. विद्यार्थी-वृत्तपत्राची ही सगळ्यात मोठी अडचण आहे. चूक करणारा दोन वर्षांत पदवी घेऊन निघून जातो, आणि चूक मात्र तिथेच राहते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमचा अंक ऑफसेटवर निघायचा, पण पानं हातानं लागायची. मजकुराचं ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरची प्रत, यायचं, ते कटरनं कापून, रबर सोल्यूशन लावून लेआउटच्या कागदावर चिकटवायचं. प्रूफात चूक निघाली की अख्खा स्तंभ पुन्हा काढायला वेळ नसे, म्हणून तेवढीच ओळ नव्यानं काढून जुन्या ओळीवर डकवायची. पट्टी असायची बोटाच्या नखाएवढी. एका अंकात पहिल्या पानावर बातमी होती की ‘अफवा पसरली असली तरी परीक्षा पुढे ढकलण्यात आलेली नाही’. प्रूफात ‘नाही’चा ‘नाहि’ झाला होता आणि तो शब्द परिच्छेदाच्या शेवटी, ओळीत एकटाच होता. मी जुना शब्द कापून काढला आणि दुरुस्त केलेली पट्टी त्या जागी चिकटवली. छपाईसाठी पानाचा फोटो काढायचा, त्या कॅमेऱ्याखाली पान जाईपर्यंत ती कुठेतरी पडली. प्रत हातात आली तेव्हा वाक्य होतं, ‘परीक्षा पुढे ढकलण्यात आलेली’. वाचणाऱ्यानं शेवटचा ‘आहे’ आपल्या मनानं जोडला.

सतरा मुलं परीक्षेला बसली नाहीत. मी परीक्षा विभागात त्यांच्याबरोबर गेले आणि चूक माझी आहे असं लिहून दिलं. फेरपरीक्षा मिळाली, पण ते पंधरा दिवस मी विसरलेले नाही. पुढच्या अंकात आम्ही खुलासा पहिल्याच पानावर, त्याच जागी छापला. आतल्या पानात तळाला टाकावा असं काही जणांचं म्हणणं होतं. ज्या जागी चूक झाली त्याच जागी दुरुस्ती, हा नियम आम्ही त्या दिवशी केला. तुमच्या वृत्तपत्राला तोच नियम दाखवा.

प्रश्न : मुलगी विद्यापीठाच्या वृत्तपत्रात उपसंपादक आहे. अंकाच्या आठवड्यात पहाटे दोनला झोपते. दोन विषयांत गुण घसरलेत. तिला हे सोडायला सांगू का? – एक आई

उत्तर : सोडायला सांगू नका. तिला एवढंच विचारा, ‘तुमच्यात पानं लावता येणारे किती जण आहेत?’ बहुतेक उत्तर ‘मी एकटीच’ असं येईल, आणि जागरणाचं कारण तिथेच आहे. या सत्रात तिनं आणखी दोघांना शिकवलं की तिच्या अर्ध्या रात्री परत मिळतील. हात कमी असतील तर संपादकांनी पानं कमी करावीत. एका तावाची घडी चार पानांची, म्हणून पानं चारच्या पटीत वाढतात-घटतात : आठावरून चारावर आलं तरी अंक निघतो. आणि परीक्षेच्या काळात अंक बंद ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

तिचा एखादा अंक तुम्ही पूर्ण वाचला आहे का? वाचला नसेल तर वाचा, आणि वाचल्याचं तिला सांगा.

प्रश्न : ग्रंथालयाच्या तळघरात आमच्या वृत्तपत्राच्या जुन्या बांधीव फायली सापडल्या. कागद पिवळा, हात लावला की कडा तुटते. पुढच्या वर्षी वर्धापन विशेषांक काढायचाय. सुरुवात कुठून करू? आणि जगातलं सर्वांत जुनं विद्यार्थी-वृत्तपत्र कोणतं? – द्वितीय वर्ष

उत्तर : सर्वांत जुनं कोण, यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं ‘द डार्टमथ’ आपली सुरुवात १७९९ पासून धरतं, पण ती मोजणी गावातल्या त्या काळच्या एका वृत्तपत्रापासून होते, म्हणून इतरांना ती मान्य नाही. येलचं दैनिक १८७८ चं. हार्वर्डचं ‘क्रिमझन’ १८७३ मध्ये ‘मॅजेंटा’ या नावानं निघालं. १८७५ मध्ये विद्यापीठाचा रंग किरमिजी ठरला आणि वृत्तपत्रानं नावच बदललं. सिडनीचं ‘होनी स्वा’ १९२९ चं. शहरातल्या वृत्तपत्रांनी विद्यार्थ्यांवर युद्धस्मारकाची विटंबना केल्याचा आरोप केला, तेव्हा आपली बाजू मांडायला विद्यार्थ्यांनी ते काढलं. मला ही सुरुवात सगळ्यात जवळची वाटते. तुमचं वृत्तपत्र कोणत्या रागातून किंवा गरजेतून निघालं, ते पहिल्या अंकाच्या संपादकीयात शोधा. विशेषांक तिथूनच उभा राहील.

फायलींना सेलोटेप लावू नका. टेप काही वर्षांत तपकिरी होते आणि अक्षरंही घेऊन जाते. वृत्तपत्री कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्ल असतं, उजेडात तो आणखी लवकर कुजतो. फायली सपाट, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. झेरॉक्ससाठी पाठ दाबून उघडू नका. वरून कॅमेऱ्यानं फोटो घ्या, एकेका पानाचा.

वाचताना मोठ्या मथळ्यांवर वेळ घालवू नका. संपादक मंडळाची नावं, जाहिरातींचे आकार, खुलासे, गाळलेले अंक पाहा. एखाद्या महिन्याचा अंकच नसेल तर त्या महिन्यात काय घडलं ते विद्यापीठाच्या इतिवृत्तात शोधा. आमच्याकडे प्रत्येक अंकाची एक वही होती : पानं कुणी लावली, प्रती किती, बिल किती, चूक कोणती निघाली. मी सोडल्यावर दोन वर्षांत ती हरवली, आणि पुढच्यांनी आमच्याच चुका पहिल्यापासून केल्या. तुम्ही अशी वही या महिन्यात सुरू करा.

पण सगळ्याआधी सुटे फोटो बाहेर काढा. माजी विद्यार्थ्यांना बोलवा, त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि प्रत्येकाच्या मागे नावं लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.