ओढलं की लागणारं कुलूप

एका वाचक ताईंनी विचारलंय: “आमच्या सोसायटीच्या फलकावर ‘सर्व सदनिकांना स्वयंचलित कुलूप असल्याने किल्ली जवळ बाळगावी’ असं लिहिलंय. मुलगा म्हणतो, ‘दार लॅच-लॉक झालं’. सासूबाई ‘लॅच लागली’ म्हणतात, मी ‘लॅच लागलं’ म्हणते. दार ओढलं की आपोआप लागणाऱ्या या कुलपाला मराठीत काय म्हणावं? आणि लॅचचं लिंग कोणतं?”

आधी त्या फलकाचं बघू. ‘स्वयंचलित’ हा शब्द हल्ली दिसेल तिथे चिकटवतात आणि कुलपावर चिकटवलेला पाहिला की मला राहवत नाही. स्वयंचलित म्हणजे स्वतःच्या बळावर चालणारं. सरकता जिना स्वयंचलित आहे, कारण त्याला मोटर आहे. तुमच्या दारातल्या कुलपाला स्वतःचं बळ कुठून आलं? ते लागतं ते दार ओढणाऱ्या हाताच्या जोरावर. तो जोर क्षणभर स्प्रिंगमध्ये साठतो आणि लगेच परत मिळतो, एवढंच. वीज गेली तरी ते लागतं, आणि कुणी दार ओढलं नाही तर जन्मभर लागत नाही. बोट ठेवून किंवा आकडे दाबून उघडणारी, आतल्या मोटरीनं बोल्ट सरकवणारी कुलपं आता मिळतात. त्यांना खुशाल स्वयंचलित म्हणा. पण हा शब्द साध्या लॅचवर खर्च करून टाकला, तर त्यांच्यासाठी काय उरणार?

लिंगाचं थोडक्यात. बोलणाऱ्याच्या मनात कुलूप असेल तर ‘लागलं’, कडी असेल तर ‘लागली’. सासूबाईंच्या मनात कडी आहे. दोघीही बरोबर आहात.

‘लॅच-लॉक झालं’ मात्र नको. इंग्रजीतला लॅच हा ‘पकडणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदातून आला. लॅच दार पकडून ठेवतो. त्याला किल्ली असेलच असं नाही. बागेच्या फाटकालाही लॅच असतो. आपल्या फ्लॅटच्या दारावर असतो तो नाइट लॅच. आतून मूठ फिरवली की उघडणारा, बाहेरून किल्ली मागणारा. लॅच आणि लॉक दोन्ही त्या एकाच डबीत आहेत, तेव्हा ‘लॅच लागलं’ एवढ्यात सगळं येतं.

मराठीला या बाबतीत शब्दांची चणचण कधीच नव्हती. दार लोटणं वेगळं, पुढे करणं वेगळं, लावणं वेगळं, कडी घालणं वेगळं. ‘दार पुढे कर’ म्हटल्यावर कडी लावणाऱ्याला पूर्वी बोलणी बसत. यातलं ‘ओढून घेणं’ सगळ्यात मजेदार निघालं. कडी-कोयंड्याच्या घरात ‘जाताना दार ओढून घे’ म्हणजे नुसतं मिटून जा, कुलूप नको. लॅचच्या घरात त्याच शब्दांचा अर्थ ‘कुलूप लावून जा’ असा झाला. वाक्यातलं अक्षरही बदललं नाही, अर्थ बदलला तो सुताराच्या हातून. म्हणून ‘ओढलं की लागणारं कुलूप’ हे वर्णन मला कुठल्याही घडवलेल्या संस्कृत शब्दापेक्षा नेमकं वाटतं. आटोपशीर नाव हवं असेल तर ‘खटक्याचं कुलूप’ म्हणा. जिथे स्प्रिंग दबते आणि सुटते तिथे मराठी माणूस ‘खटका’ म्हणतच आलाय. बंदुकीला खटका, खटक्याचा चाकू, मग कुलपालाच का नको?

आता खरी गंमत, ती खुद्द ‘कुलूप’ या शब्दात आहे.

मूळ अरबी शब्द क़ुफ़्ल. क, फ, ल अशी तीन अक्षरं. फारसीमार्गे तो इकडे आला तोवर बोलीत फ आणि ल यांनी जागा बदलल्या आणि क़ुफ़्लचा कुल्फ झाला. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपण नुकसानचं नुसकान करतो, चिकटणेचं चिटकणे करतो, तसंच. पुढे शेवटचा फ मराठी जिभेवर मऊ पडून प झाला, मधे ऊ शिरला: कुलूप. टोकाचा फ असा बदलल्याची उदाहरणं आपल्याकडे आणखीही आहेत. वुक़ूफ़चा वकूब झाला तोही याच चालीनं. मोल्सवर्थच्या कोशात कुलूप अरबी म्हणूनच नोंदलेलं आहे. तरीही मध्यंतरी एका व्याख्यानात ‘कुल’ आणि ‘लुप्त’ यांची मोट बांधून कुलूप संस्कृत ठरवलेलं ऐकलं आणि सभागृहात टाळ्याही पडल्या. संस्कृतला दारासाठी स्वतःचे भरपूर शब्द आहेत. अर्गला आहे, तिची आपली आगळ झाली. तालक आहे, त्याचं टाळं झालं. एवढं असताना अरबीची एक वस्तू उचलून संस्कृतच्या घरात ठेवण्याचं कारणच काय?

हा कुल्फ मराठीत एकटा आलेला नाही. कुल्फी त्याचीच. झाकण घट्ट बसवलेलं, कुलूपबंद भांडं ती मूळची कुल्फी. पत्र्याचा निमुळता साचा, वर झाकण, सांध्यावर मळलेल्या कणकेचा लेप, आणि तो साचा मिठाच्या बर्फात पुरलेला. आतल्या आटवलेल्या दुधाला नाव मिळालं ते या बंद भांड्यामुळे. जुन्या मराठीत ‘कुलपी गोळा’ही आहे: आतून पोकळ, दारू ठासून बंद केलेला, पडल्यावर फुटणारा तोफगोळा. नुसत्या भरीव लोखंडी गोळ्याहून तो वेगळा, हे सांगायला लढाईच्या कागदांत ‘कुलपी’ शब्द पुरत असे. दारावर लटकतं ते, काडीवर मिळते ती आणि तोफेतून सुटतो तो, तिघांना एकच नाव. बंद पोकळी, हा धागा तिघांत सारखा.

याहून पुढची गोष्ट माझी स्वतःची. गेली कित्येक वर्षं मी ती सांगत आलोय आणि अजून ती कुणी समाधानकारक खोडलेली नाही. अरबीत याच तीन अक्षरांचं क्रियापद आहे क़फ़ल, अर्थ ‘परतणे’, विशेषतः प्रवासाहून परतणे. त्यावरून क़ाफ़िला, म्हणजे आपला काफिला. निघालेल्या तांड्यालाही ‘परतणारा’ म्हणायचं, कारण तो सुखरूप परतावा अशी इच्छा, असं अरबी कोशकारच सांगतात. मग कुलपात परतणारं काय आहे?

त्यासाठी अरबी बोलणाऱ्या मुलखातलं जुनं लाकडी कुलूप पाहायला हवं. इजिप्तचं लाकडी कुलूप म्हणून ते जगभर ओळखलं जातं. दाराला उभा लाकडी ठोकळा, त्यातून आडवा सरकणारा लाकडी दांडा. ठोकळ्यात उभ्या भोकांतून काही सुट्या खुंट्या सोडलेल्या असतात. दांड्यावर तेवढेच खळगे. दांडा पूर्ण आत सरकवला की खळगे खुंट्यांच्या बरोबर खाली येतात आणि खुंट्या आपल्याच वजनानं खट् करून त्यात पडतात. दांडा अडकला! लावायला किल्ली लागतच नाही. किल्ली लागते ती उघडताना: टोकाला खुंट्या बसवलेली एक लाकडी पट्टी. ती दांड्यातल्या पोकळीत सारून वर उचलायची, म्हणजे पडलेल्या खुंट्या वर ढकलल्या जातात आणि दांडा मोकळा होतो. किल्ली काढून दांडा पुन्हा सरकवला की खुंट्या परत आपल्या जागी. आपोआप लागणारं कुलूप स्प्रिंगच्या कितीतरी आधीचं आहे, हे यावरून कळावं. अमेरिकन कुलूपकार लायनस येल धाकटे यांनी 1861 आणि 1865 साली पेटंट घेतलेल्या कुलपांत खुंट्यांचं हेच तत्त्व आहे; खुंट्या धातूच्या झाल्या आणि त्यांना खाली ढकलायला वजनाऐवजी स्प्रिंग आली. तुमच्या लॅचच्या बाहेरच्या गोल नळीत आज त्याच खुंट्या वरखाली होतात.

ज्या कुलपात खुंटी दर वेळी आपल्या जागी परतते, त्याला ‘परतणे’ या धातूवरून नाव पडणं मला अगदी नैसर्गिक वाटतं. तांडा घरी परततो, खुंटी खळग्यात परतते.

यावर दोन आक्षेप घेतात. पहिला युरोपातल्या काही सेमिटिक-अभ्यासकांचा, म्हणजे अरबी आणि तिच्या बहीण-भाषांच्या अभ्यासकांचा. ते म्हणतात, क़ुफ़्ल अरबीचा नव्हेच, तो आरामाइक या अरबीच्या जुन्या बहीण-भाषेतून उसना आला आणि परतण्याशी त्याचा संबंध नाही. कुराणात (47:24) ‘मनांवर कुलपं आहेत का’ अशा अर्थाची ओळ आहे, तिथे याच शब्दाचं अनेकवचन येतं. म्हणजे सातव्या शतकात तो अरबीत मुरलेला होता. उसना शब्द एवढा मुरतो तेव्हा बोलणारे त्याला आपल्या धातूच्या पंगतीत बसवतात आणि त्या धातूचा अर्थ त्याला चढतो. हे नाकारायचं तर लोकांच्या कानांना व्युत्पत्तीत काही किंमतच नाही असं म्हणावं लागेल. कागदावरच्या साखळीबाहेर पाहायचंच नाही ही या पंडितांची खोड मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकानं 1836 साली कैरोतल्या घरांचं बारकाईनं वर्णन छापलं, त्यात या लाकडी कुलपाचं नाव ‘दब्बा’ असं दिलंय, क़ुफ़्ल नव्हे. खरं आहे. पण एका शहरात एका प्रकाराला खास नाव असणं आणि भाषेत त्या जातीला सर्वसाधारण नाव असणं या दोन गोष्टी एकत्र नांदतात. आपणही ‘नाइट लॅच’ म्हणतो आणि तरी ते कुलूपच असतं. कैरोच्या एका शब्दावरून सगळी अरबी निकालात काढता येत नाही.

जाता जाता किल्ली. काही जण तिला फारसी ‘कलीद’शी जोडतात. मला ते पटत नाही. संस्कृत कील म्हणजे खुंटी, त्याचीच आपली खीळ, आणि त्याच घरातली ती किल्ली, लहान खुंटी. खुंट्यांच्या कुलपाला खुंटीवालीच किल्ली लागते, हे मघाशी पाहिलंच. चावी मात्र पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली, त्याबद्दल वाद नाही.

आता ताईंच्या दाराशी परत येतो, कारण एक फरक सांगितल्याशिवाय हा विषय सोडवत नाही. अडसर आणि लॅचची जीभ, म्हणजे कुलपातून बाहेर डोकावणारा तो धातूचा तुकडा, यांना लोक सर्रास एक समजतात. वाड्याच्या दरवाज्यामागे भिंतीत खोल भोक असतं, त्यात चौकोनी तुळईसारखा अडसर दिवसभर आत राहतो आणि रात्री ओढून आडवा करतात. आड सरतो तो अडसर. त्याचं टोक बोथट, त्याला स्प्रिंग नाही, कुणी सरकवल्याशिवाय तो हलत नाही. इंग्रजीत ज्याला डेडबोल्ट म्हणतात तो याच जातीचा, फक्त किल्लीनं फिरवायचा. लॅचची जीभ वेगळी. सुटं कुलूप हातात घेऊन बघा. जिभेची एक बाजू सरळ आहे, दुसरी तिरपी कापलेली. दार मिटताना तिरपी बाजू चौकटीवरच्या पट्टीच्या कडेला घासते, उतारामुळे जीभ मागे सरते, आतली स्प्रिंग दबते. दार पुरतं मिटलं की पट्टीतलं भोक समोर येतं आणि जीभ त्यात उडी घेते. आता दार उलट ओढा: भोकाच्या काठाला भिडते ती सरळ बाजू. तिला उतार नाही, म्हणून ती मागे जाणार नाही. सगळी युक्ती त्या एका तिरप्या कापात आहे. म्हणूनच दार डावं की उजवं हे दुकानात सांगावं लागतं. काही कुलपांत जीभ काढून उलटी बसवता येते.

पण तो उतार चोरालाही तितकाच उपयोगी पडतो. फटीतून प्लास्टिकचं पातळ कार्ड सरकवून तिरप्या बाजूवर दाबलं की जीभ मागे जाते आणि दार उघडतं, किल्लीची गरज पडत नाही. याला उपाय म्हणून बऱ्या लॅचमध्ये मोठ्या जिभेला लागून एक बारीक दुसरी जीभ असते. दार मिटल्यावर मोठी जीभ भोकात जाते, ही बारीक मात्र पट्टीवर टेकून दबलेली राहते. ती दबलेली असेपर्यंत आतली अडणी मोठ्या जिभेला मागे येऊ देत नाही, कार्ड घातलं तरी नाही. ‘आपोआप लागणारं कुलूप’ हे नाव खरं म्हणजे याच प्रकाराला शोभतं, कारण नुसती एक जीभ असलेला लॅच दार पकडतो, कुलूप करत नाही.

बारीक जिभेचं काम पट्टीवर अवलंबून आहे. पट्टीचं भोक रुंद असेल किंवा सुतारानं पट्टी जरा सरकवून बसवली असेल, तर दोन्ही जिभा भोकात पडतात आणि मग अडणी लागतच नाही. दार मिटून फटीतून बॅटरीनं बघा. बारीक जीभ भोकात पडलेली दिसली तर पट्टी बदलून घ्या.