नॉर्वेत १६९ पैकी ४८ जागांवर सरकार कसं चालतं? अशा सरकारात मंत्री कोणाला करतात?

मी ऑस्लोत राहतो आणि इथलं राजकारण मनापासून बघतो. तुम्ही ज्या सरकारबद्दल विचारताय ते पंतप्रधान योनास गार स्तोरे यांचं, फेब्रुवारी २०२५ पासूनचं एकट्या मजूर पक्षाचं सरकार. तेव्हा या पक्षाच्या ४८ जागा होत्या. आधी ते टिकतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण खातेवाटपाचं गणित त्यावरच उभं आहे.

आपल्याकडे सरकार आलं की पहिली चर्चा विश्वासदर्शक ठरावाची. २०१४ साली महाराष्ट्रात २८८ पैकी १२२ आमदारांवर फडणवीस सरकार आलं तेव्हा आवाजी मतदानावरून केवढा गदारोळ झाला होता! नॉर्वेत असा ठराव मांडायचाच नसतो. राजा पंतप्रधान नेमतो, आणि स्टोर्टिंगमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) अविश्वास ठराव मंजूर होईपर्यंत सरकार कायदेशीर. शिवाय स्टोर्टिंग मुदतीआधी विसर्जित करता येत नाही. निवडणूक चार वर्षांनीच. त्यामुळे सरकार पाडणाऱ्याला नव्या निवडणुकीचा आसरा नाही. असलेल्या खासदारांतूनच दुसरं सरकार उभं करावं लागतं. १९६३ मध्ये खाण दुर्घटनेवरून पंतप्रधान गेरहार्डसेन यांचं सरकार पाडलं, यून लुंग यांचं चार पक्षांचं सरकार आलं आणि चारच आठवड्यांत गेलंसुद्धा. गेरहार्डसेन परत आले.

आता मंत्रिमंडळ. राज्यघटना एवढंच म्हणते की पंतप्रधान आणि किमान सात मंत्री हवेत. प्रत्यक्षात अठरा ते वीस असतात. खासदार मंत्री झाला की त्याची जागा त्याच्याच पक्षाचा राखीव प्रतिनिधी घेतो. मंत्री सभागृहात येतो, चर्चेत बोलतो, पण मत देऊ शकत नाही. आणि मंत्री व्हायला खासदार असावंच लागत नाही, सहा महिन्यांत निवडून या वगैरे अटही नाही. येन्स स्टोल्टेनबर्ग नाटोचं सरचिटणीसपद सोडून काही महिन्यांत अर्थमंत्री झाले ते असेच, खासदार नसताना. अल्पमतातल्या पक्षाला ही मुभा फार मोलाची आहे. सभागृहातलं एकही मत न गमावता तो बाहेरचा जाणता माणूस आत घेऊ शकतो.

खातेवाटप कसं ठरतं हे बघायला २०२१ चं उदाहरण सगळ्यात बोलकं. मजूर पक्षाचे ४८ आणि सेंटर पक्षाचे २८ मिळून ७६, बहुमत ८५ चं. समाजवादी डावा पक्ष वाटाघाटीतून बाहेर पडला, म्हणून नऊ कमी पडले. १९ मंत्र्यांपैकी ८ सेंटर पक्षाचे. हा पक्ष मुळात शेतकऱ्यांचा आणि खेड्यापाड्यांचा, तेव्हा शेती आणि स्थानिक स्वराज्य ही खाती त्यांनी घेतली यात नवल नाही. पण संरक्षण, न्याय आणि अर्थ हीसुद्धा त्यांनाच मिळाली. अर्थखात्यावर बसले खुद्द पक्षाध्यक्ष त्रिग्वे स्लाग्सवोल्ड वेडुम. २०१३ मध्ये पंतप्रधान एर्ना सूलबर्ग यांनीही हेच केलं होतं: त्यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ११ मंत्री, प्रोग्रेस पक्षाचे ७, आणि प्रोग्रेसच्या अध्यक्षा सीव येन्सन अर्थमंत्री. माझ्या मते यामागे पक्का हिशोब आहे. अल्पमतातल्या सरकारला दर शरद ऋतूत बाहेरच्या पक्षांशी अर्थसंकल्पावर घासाघीस करावी लागते. ती करणारा माणूस मित्रपक्षाचा अध्यक्षच असला, तर झालेल्या तडजोडीवर नंतर त्या पक्षाला हात झटकता येत नाहीत.

याखेरीज भौगोलिक समतोल बघतात, वयही बघतात. २०२१ च्या न्यायमंत्री एमिलिए एंगर मेल २८ वर्षांच्या होत्या. तोन्ये ब्रेन्ना आणि यान क्रिस्तियान वेस्त्रे हे दोघं २०११ च्या उतोया बेटावरच्या हत्याकांडातून वाचलेले, तेही त्यात मंत्री झाले. त्या मंत्रिमंडळात १० स्त्रिया आणि ९ पुरुष. ही परंपरा १९८६ पासूनची: पंतप्रधान ग्रू हार्लेम ब्रुंटलान यांनी १८ जणांत ८ स्त्रिया घेतल्या, आणि तेही अल्पमतातलंच सरकार होतं! मला तर ही गोष्ट फार मोठी वाटते. जागा कमी म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस युरोपीय संघाच्या ऊर्जा नियमांवरून सेंटर पक्ष बाहेर पडला. आठ मंत्री गेले, ४ फेब्रुवारीला मजूर पक्षाचे आठ नवे आले. राजवाड्यात राजासमोर बैठक झाली की नवे मंत्री फुलांचे गुच्छ घेऊन बाहेरच्या चौकात येतात, मग आपापल्या मंत्रालयात जुना मंत्री नव्याच्या हाती किल्ली देतो. वेडुम यांच्याकडून स्टोल्टेनबर्ग यांच्याकडे अर्थखातं गेलं ते असंच. कुठे आदळआपट नाही, आमदार हॉटेलात नेऊन ठेवणं नाही.

४८ हा आकडा तुम्हाला कमी वाटतोय, पण १९९७ मध्ये पंतप्रधान बुन्नेव्हिक यांच्या सरकारातल्या तीन पक्षांकडे मिळून १६५ पैकी फक्त ४२ जागा होत्या. तरी ते सरकार अडीच वर्षं चाललं. मार्च २००० मध्ये गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या प्रदूषणाचा प्रश्न आला, बुन्नेव्हिक यांनी त्यावर सरकार पणाला लावलं आणि ८१ विरुद्ध ७१ असे हरले.

सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष ५३ वर गेला आणि स्तोरे पंतप्रधानपदी राहिले. पण आता त्यांच्या बाजूचे चार पक्ष आहेत: समाजवादी डावे, सेंटर आणि रेड पक्ष प्रत्येकी ९, ग्रीन ८. मजूर पक्ष धरून बेरीज ८८. यातला कुठलाही एक पक्ष बाजूला झाला की आकडा ८५ च्या खाली येतो. ग्रीन पक्षाला तेलाचं उत्खनन टप्प्याटप्प्याने बंद करायचंय, सेंटर पक्षाला ते चालू हवंय, आणि अर्थसंकल्प मात्र दोघांनाही मान्य होईल असा मांडायचाय. तो भार अजूनही स्टोल्टेनबर्ग यांच्याच खात्यावर आहे.